जाळीच्या अलीकडे

आमच्या गावात पोहण्याच्या तलावाला लागूनच धावण्याचं मैदान आहे. मध्ये फक्त तारेची जाळी. आज सकाळी फिरताना तिथं एक बाप दिसला. त्याच्या हातात स्टॉपवॉच होतं आणि समोर चौदाएक वर्षांची मुलगी धापा टाकत उभी होती.

"पलीकडं तलावात बघ. तुझ्याच वयाच्या पोरी राज्यात पदकं घेतात. तू अजून तालुक्यातच."

"बाबा, नडगी दुखतेय."

"नाटकं नकोत. अजून दोन फेऱ्या."

मला संताप आला. पाणी कोवळ्या अंगाचं ओझं स्वतः पेलतं आणि हलक्या शरीराला पुढं सरकू देतं. जमीन मात्र प्रत्येक पावलाला ते ओझं हाडांवर परत आदळते, आणि हाडं तयार व्हायला वर्षं लागतात. पोहणारी पोर पंधराव्या वर्षी चमकते, धावणारी बहुधा पंचविशीत. एवढंही समजून न घेता आपण शेजारची पदकं दाखवून मुलींना पळवत राहतो.

आपण कशाला, मीच. 'नाटकं' हा शब्द माझाही होता. माझी केतकी तो ऐकून याच मैदानावर महिनाभर धावली, नडगीच्या हाडाला तडा गेलेला असताना.

मी त्या बापाला म्हणालो, "आज तिला बसू द्या."

"का? तुमची पोरगी धावते वाटतं?"

"धावायची. आता पंचविशीची आहे. समोरून बस सुटली तरी धावत नाही."

मुलगी जाळीला टेकून खाली बसली होती. बापाच्या हातातलं स्टॉपवॉच मात्र चालूच होतं.