बेमेतरा रस्त्यावरची सावली

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, लिहिताना चुकलं तर समजून घ्या. चार माणसांत मला बोलता येत नाही, म्हणून इथे नाव न देता लिहिते आहे. आम्ही छत्तीसगडात, भिलाईत खुर्सीपारला राहतो. घरात बुद्धवंदना होते. भूत, अंगात येणं, बाहेरचं… यातलं काही मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. पण त्या दुपारचं काय करू?

माझी मुलगी प्रज्ञा बेमेतऱ्याला दिली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आठव्या महिन्यात आम्ही दोघं नवराबायको तिला आणायला गेलो. मे महिना होता. विहीणबाई म्हणाल्या, "ऊन उतरू द्या, मंग निंगा." पण यांची रात्रपाळी होती. "खाडा झाला तं ठेकेदार दुसऱ्याले घेईन," हे म्हणाले. मग भर दुपारीच ऑटो केला.

बेमेतरा ते धमधा रस्त्यावर एके ठिकाणी दोन्ही बाजूंनी आंब्याची मोठाली झाडं होती. रस्ता रुंद करताना सगळी तोडली, आता नुसते बुंधे आहेत. नेमका तिथेच ऑटो बंद पडला. जवळ गाव नाही, टपरी नाही. प्रज्ञाचे ओठ पांढरे पडले. "माय, बाळ हालून नाही राहिलं वं…" एवढं म्हणून ती माझ्या अंगावर कलंडली.

हे पोलाद कारखान्यात कोकओव्हनच्या भट्टीवर काम करतात, गरमी यांना नवी नाही. पण हेही घाबरून तिला गमछ्याने वारा घालू लागले. बाटलीतलं पाणीही कढत झालं होतं. ऑटोत बसवेना, म्हणून एका बुंध्याशी चादर टाकून तिला निजवलं. मी पदर धरून उभी राहिले. पदराची सावली ती केवढी!

मग एकदम गार वाटलं. वाटलं, मलाच भोवळ आली. खाली पाहिलं तर प्रज्ञाच्या चेहऱ्यावर सावली होती — पानांची. पानं हलत होती, मधून उन्हाचे ठिपके नाचत होते. वर पाहिलं. वर काहीच नव्हतं… पांढरं आभाळ आणि सूर्य. कैरीच्या चिकाचा वास येत होता.

ऑटोवाल्याने हातातला पाना खाली ठेवला. "दाई, ए छइहां कहां ले आवत हे?" दाई म्हणजे आई; ही सावली कुठून येते, हेच तो विचारत होता. हे चप्पल काढून सावलीत उभे राहिले. एक पाय बाहेर डांबरावर टेकला आणि चटकन मागे घेतला. आम्ही तिघंही विहारात बोलावं तसं हळू बोलत होतो.

थोड्या वेळाने प्रज्ञाने डोळे उघडले. माझा हात ओढून पोटावर ठेवला. आतून लाथ बसली. "आपल्या बापावर गेलं," ती हसली. मला रडू आवरेना.

धमध्याकडे जाणारी एक पिकअप थांबली. तिला चढवून मागे वळून पाहिलं, तर बुंध्याशी लख्ख ऊन.

नात झाली, धडधाकट आहे. हे अजून म्हणतात, "ढग आला असन वं." एकदाच धीर करून मी विचारलं, "ढगाले पानं असतात का?" हे उठून अंगणात गेले.

पण आता आम्ही मोटरसायकल घेतली आहे, आणि त्या रस्त्याने जाताना हेच बुंध्यापाशी गाडी थांबवतात. बाटलीतलं गार पाणी त्याच्यावर ओततात, परत येऊन गाडी सुरू करतात. कशासाठी, ते यांनाही सांगता येत नाही आणि मलाही.