चुकीच्या बाजूने उघडलेलं पुस्तक
खरखरीत कागदावरच्या शाईचा वास आला की मला नोएडातलं ते ऑफिस आठवतं. बाबांची बदली झाली होती, कॅन्टोन्मेंटमधलं क्वार्टर सुटणार होतं, आणि दिल्लीत राहून कॉलेज पुरं करायचं तर मासिकात पुस्तकांवर लिहिण्याची ती नोकरी मला मिळायलाच हवी होती. चाचणीसाठी त्यांनी एक जपानी चित्रकादंबरी इंग्रजीत दिली. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, विचारणार कुणाला? मधली पानं जुळेनात, तरी ही नवी पद्धत असेल असं समजून मी मनापासून लिहिलं, की आईच्या मरणाने सुरू झालेली गोष्ट आई जेवायला हाक मारते तिथे संपते, इतका धीराचा शेवट मी कधी वाचला नव्हता. संपादक मॅडम आधी हसल्या, मग हळूच म्हणाल्या, "बेटा, ये दाएँ से बाएँ पढ़ते हैं. माँ तो आख़िर में मरती है." "मॅम, मैं यहीं बैठकर दोबारा लिख देती हूँ, प्लीज!" "टाइम नहीं है, बेटा," म्हणत त्यांनी पुढच्या मुलीला बोलावलं. पुस्तक परत घ्यायचंही त्यांना सुचलं नाही. महिन्याभरात आम्ही दिल्ली सोडली. आता अशी पुस्तकं मी नीट वाचते. ते एक मात्र अजूनही डावीकडूनच उघडते.