तारावहिनींचं ऐकणं

तारावहिनी सासऱ्यांना प्रत्येक गोष्ट परत विचारायच्या. आबांनी पाणी मागितलं, तरी तांब्या उचलण्याआधी त्या वाकून म्हणायच्या, "पानीच ना?" आबा डाव्या हाताने खाटेवर थाप मारत. थाप पडली की मगच वहिनी उठत.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नालासोपाऱ्याजवळच्या त्या गावात मी शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. आबांना आदल्याच वर्षी लकवा झाला होता. उजवं अंग लुळं, जीभ जड. पहिल्या दिवशी ते माझ्याकडे बघून काहीतरी बोलले. मला नुसती घरघर ऐकू आली. वहिनी म्हणाल्या, "‘बाईंना चहा दे’ म्हनतात." आबांनी तेच पुन्हा म्हटलं, आणि या वेळी मला प्रत्येक शब्द कळला. आवाजात तर काहीच फरक नव्हता.

मी चकित झाले. वहिनींना नवल वाटलं नाही. "त्यांच्या तोंडातून अर्धंच येतं, बाई. उरलेलं आपलं डोकं भरतं," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "आनि ते चुकीचंपन भरतं."

ते कशावरून, हे त्यांनी मला पुढे कधीतरी तांदूळ निवडताना सांगितलं. लकव्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात आबा एका दुपारी "आय, आय" करत होते. रोज त्यांचे पाय दुखत, म्हणून वहिनींनी पाय चेपायला घेतले. आबा रडायला लागले, तशा त्या अधिकच जोराने चेपत राहिल्या. आबांना खिडकीतून दिसत होतं की परसातली गाय दाव्यात अडकली आहे. ते "गाय" म्हणत होते. वहिनी बाहेर गेल्या तेव्हा दावं आवळून गाय मेली होती.

"मला ‘पाय’च ऐकू येत होतं, बाई. शपथेवर सांगितलं असतं मी."

तेव्हापासून हे परत विचारणं सुरू झालं. कधी कधी त्या चार-चार वेळा विचारत आणि तरीही थाप पडली नाही, तर सरळ म्हणत, "आबा, मला नाय कळलं." वैतागत नसत, आणि अंदाजाने वेळही मारून नेत नसत.

पुढे विरारकडून इमारती सरकत आल्या आणि घरामागच्या भातशेताला गिऱ्हाइकं येऊ लागली. थोरला मुलगा वसंत, म्हणजे वहिनींचे यजमान, शेत कसत होते. धाकटा यशवंत मुंबईत नोकरीला होता, त्याला विकायचं होतं. त्यातच आबांना दुसरा झटका आला. डावा हातही गेला. एका सकाळी दोन्ही मुलं आणि गावातली चार वडीलधारी माणसं खाटेभोवती बसली. मीही दारात उभी होते. कोणीतरी विचारलं, "आबा, शेत कोनाला?"

आबांनी सगळा जीव एकवटून एक शब्द काढला. त्याचा शेवट "अंत" असा होता.

"माझं नाव घेतलं," वसंतराव म्हणाले.

"‘यशवंत’ म्हणाले ते," धाकटा उसळला.

सगळे वहिनींकडे वळले. आबांचं बोलणं त्यांनाच कळतं, हे यशवंतलाही मान्य होतं. वहिनी वाकल्या. "आबा, वसंत का?" हात हलला नाही. "यशवंत का?" हात हलला नाही. डोळे नुसते वाहत होते.

वहिनी ताठ झाल्या. "मला नाय कळलं."

"रोज कळतं आनि आजच कसं नाय?" वसंतराव ओरडले.

"नाय कळलं म्हंजे नाय कळलं."

तिसऱ्या दिवशी आबा गेले. शेताचे दोन भाग झाले. यशवंतने आपला भाग विकला, तिथे इमारत उभी राहिली. उरलेल्या तुकड्यात घराला पुरेल एवढं भात होईना, म्हणून वसंतराव एका कारखान्यात रखवालदार झाले. वर्षभर ते वहिनींशी एक शब्द बोलले नाहीत. वहिनी ताट वाढून बाजूला बसत. मी त्यांना कधी तक्रार करताना ऐकलं नाही.

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेले. घरात आम्ही दोघीच होतो. इतकी वर्षं मनात असलेलं मी विचारलं, "वहिनी, त्या दिवशी खरंच कळलं नव्हतं?"

वहिनींनी आधी दाराकडे बघून घेतलं.

"मला ‘वसंत’ असंच ऐकू आलं होतं. अगदी साफ."

"मग सांगितलं का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "इतकं साफ आबा कधी बोलत होते, बाई?"