अक्काचे पावणेआठ टक्के

कऱ्हाटीच्या गेणबांची थोरली लेक सुकन्या. तिच्यानंतरच्या दोन मुली जगल्या नाहीत. चौथीही मुलगीच झाली, तेव्हा तिचं नाव नकोशी ठेवलं. तिच्या पाठीवर दीपक झाला, म्हणजे नाव लागू पडलं, असं घरात कौतुकानं सांगायचे. नकोशीला त्या कौतुकाचा राग यायचा, पण तो तिनं कधी बोलून दाखवला नाही. सुकन्याचं फाटलेलं पुस्तक, सुकन्याचा आखूड झालेला परकर, सगळं फिरून तिच्याकडं यायचं. सुकन्याला इंदापुरातला शिक्षक नवरा मिळाला. नकोशीला पिंपळीतले राम मिळाले. ते साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला होते.

गेणबांनी आयुष्यात एकदाच दोघींना सारखं दिलं. रस्त्यात गेलेल्या जमिनीचे पैसे आले, तेव्हा दसऱ्याला दोघींना घरी बोलावून त्यांनी चार-चार लाखांचे चेक हातात ठेवले. नकोशीनं दोन्ही चेकवरचे आकडे चोरून ताडून पाहिले. त्यानंतर तीन महिन्यांनी गेणबा गेले.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर दोघी बहिणी मागच्या पडवीत भांडी पुसत बसल्या होत्या.

"तू पैसे कुठं ठेवलेस?" सुकन्यानं विचारलं.

"खात्यातच हायेत."

"बचत खात्यात? अगं, तितं काय मिळतंय. माझे दसऱ्यानंतर लगेच मुदत ठेवीत टाकले, एका वर्षासाठी. पावणेआठ टक्क्यानं."

सुकन्या सहज बोलून गेली आणि तिनं दुसरं ताट घेतलं. नकोशीला मात्र तो आकडा लागला. सारखे मिळालेले पैसे तीन महिन्यांतच सारखे राहिले नव्हते.

नकोशी बारामतीतल्या एका मेसमध्ये अठरा वर्षं भाकऱ्या करत होती. दुसऱ्या दिवसापासून दुपारचं काम संपलं, की ती पिशवीत आधार कार्ड आणि पासबुक घेऊन भिगवण रस्त्यावरच्या बँका फिरू लागली. एका ठिकाणी सात सांगितलं, एका ठिकाणी सात पूर्णांक दहा शतांश. पोस्टातही जाऊन आली. एका पतसंस्थेत साडेनऊ म्हणाले, तेव्हा तिचे डोळे चमकले. पण काट्यावर जन्म काढलेले राम म्हणाले, "एवढं का देत्यात, ते आधी इचार." पावणेआठ तिला कुणीच सांगेना.

शेवटी ती एसटीनं इंदापूरला गेली. सुकन्याचं घर बाजूला ठेवून, मागच्या रस्त्यानं, थेट सुकन्याच्याच बँकेत. तिथं अबोली नावाच्या मॅडम ठेवींचं काम पाहायच्या. नकोशीनं आधी पतसंस्थेचं विचारलं.

"बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो," अबोली म्हणाल्या. "पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो. तुमचे चार लाख आहेत, विचार करा."

"मग हितंच ठेवते. एक वर्ष. पावणेआठनं."

अबोलींनी आधार कार्ड पाहिलं. "तुम्हाला सव्वासात मिळतील, मावशी. पावणेआठ ज्येष्ठ नागरिकांना. साठ पूर्ण झाल्यावर. तुमचं वय सत्तावन्न आहे."

नकोशीनं आधार कार्ड परत घेतलं. सुकन्या तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. आजवर थोरलेपणाचं जे काही होतं, ते सगळं तिला मिळालं होतं. आता म्हातारपणाचाही अर्धा टक्का तिलाच. चार लाखांवर वर्षाला दोन हजार.

"घरात कुणी साठीच्या पुढचं आहे का?" अबोलींनी विचारलं. "मिस्टरांचं नाव पहिलं लावलं आणि तुमचं दुसरं, तर ज्येष्ठांचा दर बसेल."

राम त्रेसष्ट वर्षांचे होते. घरी आल्यावर तिनं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "लाव की. मी काय घेऊन पळतोय व्हय?"

दोन दिवसांनी दोघं इंदापूरला गेले. अबोलींनी अर्ज भरून समोर ठेवला. पहिलं नाव राम, खाली नकोशी. राम सही करायला वाकले, तेवढ्यात तिनं कागदावर हात ठेवला.

"थांबा. माझ्या अक्काची, सुकन्याची ठेव कुणाच्या नावानं हाय?"

"दुसऱ्या ग्राहकांचं आम्ही सांगत नाही," अबोली म्हणाल्या.

सांगायची गरज नव्हती. दाजी जाऊन सहा वर्षं झाली होती, ठेव सुकन्याच्याच नावावर असणार. सुकन्याला तिच्या स्वतःच्या नावावर पावणेआठ, आणि आपल्याला नवऱ्याच्या नावावर पावणेआठ, ही बरोबरी नकोशीला मान्य होईना.

"माझंच नाव पहिलं लिवा," ती म्हणाली. "आन् पुढच्या वर्षी दर काय राहील?"

"नक्की सांगता येत नाही. पण उतरतील असं बोलतायत. तीन वर्षांसाठी ठेवलंत तर सात आहे. कमी आहे, पण तेवढी वर्षं तोच दर राहील."

नकोशीनं मनात हिशेब मांडला. सुकन्याची ठेव एका वर्षाची. वर्ष संपलं की तिचा दर पडेल, आपला पडणार नाही. पहिल्या वर्षाचं नुकसान तिनं डोळे उघडे ठेवून पत्करलं आणि तीन वर्षांच्या अर्जावर सही केली. परत येताना राम म्हणाले, "एका वर्षाचे तीन हजार कमी घेतलेस, बहिणीच्या नादात."

दर खरंच उतरले. दसरा झाल्यावर तिनं मेसमधूनच इंदापूरच्या बँकेत फोन लावला. ज्येष्ठांना आता एका वर्षाला पावणेसात. नकोशीनं दोनदा विचारून खात्री केली. त्या दिवशी तिनं भाकऱ्या भरभर थापल्या आणि बरोबरच्या बायकांना स्वतःच्या पैशानं चहा पाजला.

पुढं दोन-अडीच महिन्यांनी गेणबांच्या वर्षश्राद्धाला सगळे कऱ्हाटीत जमले. सकाळपासून ती सुकन्याला एकटीला गाठायची वाट बघत होती. पडवीत ती दिसली तशी नकोशी जवळ जाऊन बसली.

"अक्का, आता तुझे पावणेसातनं लागले असत्याल न्हाई का? माझे सातनं हायेत. अजून दोन वर्षं."

सुकन्यानं हातातली पत्रावळ खाली ठेवली. "माझे न्हाईत आता. मुदत संपली आन् ऋषिराजनं पिकअप घ्यायची काढली. एकुलता एक पोरगा, न्हाई कसं म्हणू? सगळे दिले."

नकोशीनं ती पत्रावळ उचलून गठ्ठ्यावर ठेवली.

"तुझी पावती तुझ्याकडंच असती?" सुकन्यानं विचारलं.

"व्हय. माझ्या पेटीत. किल्ली माझ्याकडं."

"रामभाऊ मागत न्हाईत?"

"त्यांनी एकदाबी बघितली न्हाई."

सुकन्या तिच्याकडं बघत राहिली. थोरल्या बहिणीच्या डोळ्यांत आपला हेवा नकोशीनं पहिल्यांदाच पाहिला. तिला बरं वाटलं. बाप गेल्याला वर्ष झालेलं, समोर सख्ख्या बहिणीचे पैसे गेलेले, तरी बरं वाटलं. मग त्याची लाज वाटली, म्हणून तिनं पत्रावळींचा गठ्ठा उचलून आपल्याकडं घेतला.

संध्याकाळी ऋषिराजनं नवी पांढरी पिकअप अंगणात आणली. "मावशी, चला, पिंपळीत सोडतो," तो म्हणाला. पुढं तिघांना जागा होती. सुकन्या खिडकीशी बसली. वाटेत ऋषिराजनं दोनदा विचारलं, "आई, वारं लागत न्हाई न्हवं?" नकोशीची एकच लेक छकुली, पुण्यात नोकरीला. तिनं आईकडं कधी काही मागितलं नव्हतं, आणि सहा महिन्यांत घरीही आली नव्हती.

पिंपळीच्या फाट्यावर ती उतरली. गाडी इंदापूरच्या रस्त्याला लागली, तशी ती बराच वेळ तिकडंच बघत उभी राहिली.