खिरापत ओळखा, मलाही सांगा

अठ्ठेचाळीस वर्षांची एक पोरगी होती. अमरावतीला राजापेठेत राहायची. नवरा वकील, लेक कॉलेजात, सासू घरात आणि डोक्यात हा एवढा ताठा. ती पोरगी म्हणजे मीच. पण आता ऐंशीच्या घरातून तिच्याकडे पाहिलं की ती मला माझी लेकच वाटते, आणि तीही जराशी मंद.

ताठा कशाचा, तर स्मरणशक्तीचा. एकादशी कधी, कुणाच्या बारशाला कुणी कोणतं लुगडं नेसलं होतं, कुणाच्या सुनेला कितवा महिना, हे विचारायला अख्खी गल्ली आमच्या ओट्यावर यायची. पंचांग खुंटीला टांगलेलं, त्यावर धूळ. वकीलसाहेबांच्या अशिलांच्या तारखासुद्धा मी पोळ्या लाटता लाटता सांगायची. कुणी काही विसरलं, की ही बाई अशी हसायची, जशी काही विसरणं ही आळशी लोकांची सवय.

सन एकसष्ट-बासष्टचा सुमार असेल. पहिल्यांदा शब्द जायला लागले. एके सकाळी सांडशी गेली. म्हणजे सांडशी हातभर अंतरावर पडलेली, पण तिचं नाव तोंडात येईना. ‘‘अगं, ते दे ना, ते... पातेलं धरायचं!’’ लेक माझ्याकडे बघतच राहिली. मग अशिलाला चहा पाठवला, त्यात चहाची पत्तीच नव्हती. तो बिचारा फौजदारीत अडकलेला, घाबरलेला. गरम गोड दूध-पाणी प्याला आणि ‘‘चहा फक्कड झाला, बाईसाहेब,’’ म्हणून गेला.

कोठीच्या खोलीत जायची आणि उभी राहायची. कशाला आले, पत्ता नाही.

‘‘काय वं, काय करून राह्यली तिथं?’’ सासूबाई ओसरीवरून ओरडायच्या.

‘‘काही नाही आई, विचार करतेय.’’

‘‘ज्वारीच्या कणगीसमोर कायचा विचार वं?’’

शिवाय मधेच कानांतून वाफा निघायच्या. पौषाच्या थंडीत पांघरूण लाथेनं उडवायची. पाळी कधी महिनोन् महिने गायब, तर कधी लागोपाठ हजर. पण डोकं वर आणि पोट खाली, यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं त्या मॅट्रिक पास विदुषीच्या मनातही आलं नाही. तिनं शोधलेला उपाय ऐका. पदराला गाठी मारायच्या. दळण आणायचं, मारली गाठ. लोणच्याला फडकं बांधायचं, मारली गाठ. संध्याकाळी पदर म्हणजे गाठींची माळ, आणि कोणती गाठ कशाची, देव जाणे. मग लुगडं धुवायला टाकताना सगळ्या सोडून टाकायची. झाली कामं!

डॉक्टरकडेही गेले. पण सोबत हे. डॉक्टर ह्यांच्या ओळखीचे, पुरुष. त्यांनी विचारलं, काय होतं? मी म्हटलं, डोकं दुखतं. डोकं सोडून बाकी सगळं होत होतं. त्यांनी शक्तीचं औषध दिलं, तेवढं मात्र मी वेळच्या वेळी घ्यायला विसरले नाही, कारण ते गोड होतं.

आता एवढं हसते खरी, पण तेव्हा ती पोरगी मनातून घाबरलेली होती. त्याचं कारण अचलपूरला होतं.

अचलपूर माझं माहेर. तिथे माझ्या भावाच्या घरी, मागच्या खोलीत माझी आत्या राहायची. सासरच्यांनी तिला कधीच आणून टाकलं होतं. म्हणे पाण्याला जाते आणि घागर विसरून येते, पुतण्यांची नावं एकाची दुसऱ्याला लावते, भर थंडीत पहाटे अंगणात पदर सोडून बसते. वेड लागलं म्हणाले. आमच्या घरानंही ते मान्य करून टाकलं. कुणी पाहुणे आले, की भावजय हळूच त्या खोलीला बाहेरून कडी घालायची. मी दिवाळीला गेले की दाराच्या फटीतून तिला पाहायची. आता रोज आरशात पाहत होते, की चेहऱ्यात तिचं काही उतरतंय का.

त्यात लेकीसाठी अकोल्याचं स्थळ आलं. मुलगा ओव्हरसिअर, घर सरकीच्या व्यापारातलं, माणसं धड. पत्रिका जुळली, मुलगा मुलगी एकमेकांना पाहून लाजून झाली. राहिली होती मुलाची आई. त्यांचा निरोप आला की नवरात्रात अंबादेवीच्या दर्शनाला येणार आहेत, तेव्हा एक संध्याकाळ आमच्याकडे बसतील. म्हणजे घर बघायला. म्हणजे मला बघायला. मुलीची आई कशी, तशीच पुढे मुलगी, हा त्या काळचा हिशेब. वेडी आत्या आणि विसरभोळी आई एकदम पुढ्यात आल्या, तर कोण करील अशा घरची मुलगी? मला झोप लागेना. लेक मात्र पाठीमागून गळ्यात हात टाकून म्हणायची, ‘‘आई, तू त्या दिवशी फक्त कमी बोल.’’ मी! आणि कमी बोलणार!

तरी तयारी जय्यत केली. एखादं काही चुकलंच तर काय सबब सांगायची, तीसुद्धा सकाळपासून घोकून ठेवली.

अकोल्याच्या बाई आल्या त्या नेमक्या भुलाबाईच्या, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याच्या वेळेला. उंच, सावळ्या, नाकात मोठी नथ, आवाज बसका. त्या सतरंजीवर टेकल्या तोच गल्लीतल्या पोट्ट्या टिपऱ्या वाजवत घरात शिरल्या. भुलाबाई-भुलोजीच्या मातीच्या मूर्तींपुढे गाणी झाली. मग खिरापत. म्हणजे बंद डबा पोरींपुढे वाजवायचा, आत काय आहे ते त्यांनी ओळखायचं, ओळखलं नाही तर ‘हरलो’ म्हणायचं. मी ऐटीत डबा उचलला. आज खास पाहुण्या, म्हणून मी ओल्या नारळाच्या वड्या केल्या होत्या.

‘‘ओळखा खिरापत!’’

शेजारची एक चिमुरडी होती, पुढचे दोन दात पडलेले. ती पहिल्याच आवाजाला म्हणाली, ‘‘लाडू!’’

‘‘नाही!’’

‘‘चिवडा?’’ ‘‘करंजी?’’ ‘‘भिजली डाळ?’’ ‘‘शेंगा?’’

‘‘नाही, नाही, नाही!’’ मला असा चेव चढला होता. पोरी थकल्या. ‘‘हरलो, काकू, हरलो!’’

मी झाकण उघडलं. आत बेसनाचे लाडू.

मी डब्यात पाहिलं, पोरींनी डब्यात पाहिलं. चिमुरडीनं भोकाड पसरलं. ‘‘मी पयलेच सांगतलं होतं! काकू खोटं बोलल्या!’’

वड्या मी केल्याच नव्हत्या. करायच्या असं इतकं घट्ट ठरवलं होतं, की त्या झाल्या असंच डोक्यात बसलं. नारळ तसाच शेंडीसकट कोनाड्यात होता, आणि डब्यात आदल्या दिवशीचे लाडू.

‘‘तिच्यावर कायले ओरडता वं पोट्ट्यांनो?’’ सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. ‘‘तिले आजकाल काई आठोतच नाई. खरी भुलाबाई तं हेच हाये!’’

पोरी फिदीफिदी हसल्या. लाडू घेऊन पळाल्या. अकोल्याच्या बाई हसल्या नाहीत. पोरी गेल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘आजकाल म्हणजे कधीपासून?’’

आता घोकलेली सबब सांगायची वेळ. मी तोंड उघडलं. आणि सांगते काय, सबबच विसरले! एक अक्षर आठवेना. स्वयंपाकघराच्या दारात लेक लाडवांची ताटली घेऊन उभी, तोंड पांढरंफटक. मला काही सुचेना, म्हणून मी खरं सांगून टाकलं. सांडशी सांगितली, चहा सांगितला, अंगाच्या वाफा सांगितल्या. आणि तोंड सुटलंच होतं, तर अचलपूरची आत्याही सांगितली.

मग सासूबाईच सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, ‘‘अवो बाई, हा काई रोग नोय. वय हाये. विटाळ जाते तवा बाईचं डोकं असंच थोडे दिवस गावाले जाते. मी तं एकदा हिच्या सासऱ्याले जेवाले वाढलं, अन् घंट्याभरानं पुन्हा पान मांडलं. तो बी मुकाट्यानं जेवला.’’

‘‘आई, मग तुम्ही मला सांगितलं का नाही?’’

‘‘तू इचारलं का? तुले तं सारंच ठाऊक असते.’’

हे मात्र असं लागलं, की अजून ठणकतं.

सासूबाई थांबल्या नाहीत. ‘‘तुह्या आत्याले आनून टाकलं तवा केवढी होती ते?’’

मी मनात जुळवू लागले. माझं लग्न, मग भावाचं, मग तिचं येणं. जुळलं तेव्हा म्हटलं, ‘‘माझ्याएवढीच.’’

‘‘मंग तेबी हेच असन.’’

अकोल्याच्या बाईंनी लाडू खाली ठेवला. ‘‘मंग तिले कोंडून कायले ठेवली?’’

सगळ्या गल्लीच्या प्रश्नांची उत्तरं देणारी बाई सतरंजीवर सांडलेले लाडवांचे कण वेचू लागली.

‘‘हे पहा,’’ बाई म्हणाल्या, ‘‘पोरगी मले पसंत हाये. पण साखरपुड्याले तुमची आत्या समोर बसली पाह्यजे. कडीच्या आत नाई, पाटावर. तिले पाह्यल्यावरच मी लग्नाची तारीख काढीन. लपवाल, तं मी समजीन का लपवण्यासारखं काई हाये.’’

‘‘आणि तिनं चारचौघांत काही केलं तर?’’ लेकीनं दारातून विचारलं.

‘‘तं मंग तवाचं तवा पाहू,’’ म्हणून त्यांनी लाडू पुन्हा उचलला.

त्याच आठवड्यात मी यष्टीनं परतवाड्याला उतरले आणि टांग्यानं अचलपूर गाठलं. भावजयीनं पाय धुवायला पाणी दिलं आणि सवयीनं मागच्या दाराकडे गेली. मी म्हटलं, ‘‘राहू दे ती कडी.’’

आत्या खाटेवर बसून वाती वळत होती. केस पांढरेशुभ्र, नीट विंचरलेले. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

‘‘जाडी झाली वं तू. मागच्या दिवाळीले नाई आली, वकिलाले दमा उठला होता म्हणे. आता कसा हाये? अन् पोरीचं अकोल्याले जमून राह्यलं, ते खरं का?’’

भिंतीआडून तिनं सगळं घर ऐकलं होतं, आणि सगळं जसंच्या तसं डोक्यात होतं. मी खाटेच्या कडेला टेकले. बोलायचं काय काय ठरवून आले होते, ते अर्थातच विसरले होते.

‘‘आत्या, तुला बरं कधी वाटायला लागलं?’’

‘‘लय झालं. तीन-चार वर्सं धुकं होतं डोक्शात, मंग आपसूक गेलं.’’

‘‘मग कुणाला बोलली का नाहीस?’’

‘‘बोलली ना! तुह्या भावजयीले सांगतलं, मी बरी झाली. ते म्हणे, हाव आत्या, हाव. तुह्या भावाले सांगतलं. तो बी म्हणे, हाव आत्या, हाव. नुसतं हो ले हो, आयकलं कोणीच नाई. एकदा येडी ठरली, का मंग बाईचं सारंच खरं असते.’’

दारात भावजय उभी होती. ती काही दुष्ट नव्हती. तिनं रोज वेळेवर ताट दिलं होतं. पण ‘साखरपुड्याला नेते’ म्हटल्यावर घाबरली. ‘‘वन्सं, पाहुण्यांसमोर काही केलं तर? पोरीचं लग्न मोडेल!’’

‘‘नाही नेलं तर नक्कीच मोडेल,’’ मी म्हटलं. त्या महिन्यांत स्वतःच्या डोक्यावर भरवसा ठेवून मी बोललेलं हे पहिलं वाक्य.

साखरपुडा आमच्याच घरी झाला. आत्या हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली. आमच्याकडची झाडून सगळी माणसं तिच्याकडे टपून, आता काय करते म्हणून. तिनं काही केलं नाही. जे केलं ते मीच. विहिणीची ओटी भरायला खण घेतला, नारळ घेतला आणि तांदूळ विसरले. ओंजळ पुढे करून नुसती उभी. आत्यानं बसल्या जागेवरून आपल्या पुढ्यातलं तांदळाचं तबक माझ्याकडे सरकवलं आणि इतकं हळू म्हणाली, ‘‘घे,’’ की विहिणीशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही.

जेवणं झाल्यावर विहीणबाई उठल्या आणि थेट आत्याशेजारी जाऊन बसल्या. त्यांनी आडोसा करून काहीतरी विचारलं. आत्या बोलली. त्यांनी पुन्हा विचारलं. लेक माझं मनगट आवळून उभी. माझे कान हरणाचे असते तरी काही कळलं नसतं, एवढं ते कुजबुजत होतं. मग विहीणबाई उठल्या, ह्यांना म्हणाल्या, ‘‘मार्गशीर्षातली तारीख चालन का? पहा.’’ लेकीनं मनगट सोडलं, त्यावर माझ्याच बांगड्यांचे वळ उमटले होते.

मंडळी गेल्यावर मी आत्याला गाठलं. ‘‘काय विचारत होत्या गं? परीक्षा घेतली का तुझी?’’

‘‘परीक्षा कायची? मले इचारून राह्यली होती, हे किती दिवस चालते म्हणून.’’

‘‘माझ्यासाठी?’’

आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की वेडी कोण ते एकदाचं ठरून गेलं. ‘‘तुह्यासाठी कायले इचारन वं ते? परवा त्यायनं सोताच्या दिराले भाजीवाला समजून भाव इचारला म्हणे.’’

‘‘मग तू काय सांगितलंस?’’

‘‘म्हटलं, जाते हे, भिऊ नका. अन् तोवर कोणी हाव हाव म्हणाले लागलं, तं तिथून उठून अमरावतीले यायचं. तुह्याकडे.’’