ध्रुवयानावरचा माझा बहिष्कार

तुम्ही कधी एखाद्या अंतराळयानावर बहिष्कार टाकला आहे का? मी टाकला होता. तो दहा वर्षं चालला आणि त्या यानाला अजून त्याची कल्पना नाही.

माझी आई मी लहान असतानाच गेली. त्यानंतर मला सुमाआत्याने वरणभातावर वाढवलं आणि बाबांनी पत्रकांवर. बाबा रेल्वेत होते, कामगारांसाठी पत्रकं लिहायचे, आणि हिंदी मुलखात, रामघाटावरच्या आमच्या मराठी घरात उशांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. इतर मुलं पाहुण्यांना बडबडगीतं म्हणून दाखवायची, त्या वयात मी हात वर करून विचारायची, "बंधू-भगिनींनो, किती दिवस सोसणार?" (पाहुणे फार वेळ सोसत नसत. चहा घेऊन निघत.)

सुमाआत्या शाळेत गणित शिकवायची. तिला व्यसन एकच, 'ध्रुवयान'. अंतराळात भटकणाऱ्या एका यानाची ही चित्रपटमालिका. एक कप्तान, एक डब्बू नावाचा यंत्रमानव आणि यान चालतं ठेवणारे डझनभर मिस्त्री. पहिले तीन भाग आत्याने मला शेजारी बसवून दाखवले. दिवे गेले की ती माझा हात धरायची आणि दिवे आले की सोडायची. मधल्या काळात आम्ही दोघी पृथ्वीवर नसायचो.

मग चौथा भाग आला. मी तेव्हा सतरा वर्षांची होते, म्हणजे सगळं कळण्याच्या वयात. यानाचे मिस्त्री म्हणतात, आम्हाला विश्रांती द्या, पुरेशी हवा द्या. कप्तान त्यांना इंजिनघरात कोंडतो आणि मागे तुताऱ्या वाजतात! कोंडणाऱ्यासाठी तुताऱ्या! मी खुर्चीवर उभी राहिले आणि ओरडले, "बंद करो ये सिनेमा!" सिनेमा बंद झाला नाही. मला बाहेर काढलं. आत्या अर्धा समोसा हातात घेऊन मागोमाग आली.

त्याच संध्याकाळी मी पत्रक काढलं. मागणी एकच: 'कप्तानाने मिस्त्र्यांची भर पडद्यावर माफी मागावी. तोवर या घरातलं कोणीही ध्रुवयान पाहणार नाही.' खाली सर्वांच्या सह्या. बाबांनी अभिमानाने केली. धाकट्या भावाने, ओंकारने, घाबरून केली. खालच्या मजल्यावरच्या अण्णाकाकांनीही केली. काका वेदपाठी, त्यांनी आयुष्यात सिनेमा पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्यांचा त्याग सर्वांत सोपा होता. शेवटी आत्या. सही करण्याआधी तिने पेन दोनदा झटकलं. मला वाटलं, शाई येत नसेल.

पाचवा भाग आला तेव्हा माझी परीक्षा होती. (क्रांतीलाही वेळापत्रक असतं.) सहाव्याला मात्र मी मे महिन्याच्या उन्हात थिएटरच्या फाटकाशी पत्रकं वाटत उभी राहिले. लोकांनी ती घेतली नाहीत, घेतली त्यांनी तिथेच टाकली. फक्त एका बाईने, पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला, न बोलता हात पुढे केला आणि एक नाही, दोन पत्रकं घेतली! कुठल्यातरी खेड्यातली असावी. मी भारावून गेले. पुढे कित्येक लेखांत मी तिचा उल्लेख केला: 'ती अनामिक स्त्री, जिला सगळं समजलं होतं.'

सातवा आला, आठवा आला. मी पाहिले नाहीत. घरात त्यांचा विषयही निघत नसे. शिस्त म्हणतात ती हीच, असं मी मनात म्हणे.

यंदा नववा आला, शेवटचा. त्याच सुमारास सुमाआत्याचं नागपूरला मुलाकडे कायमचं जायचं ठरलं. सोमवारची गाडी. आठवडाभर आधी मेथी निवडता निवडता ती म्हणाली,

"ऋते, शेवटचा भाग लागलाय म्हणे. रविवारी जाऊ या का? पूर्वीसारखं. मग मी कुठे नि तू कुठे."

मला एकदम गलबलून आलं. या बाईने माझ्या एका पत्रकापायी स्वतःचं एकुलतं एक सुख सोडलं होतं! मी तिथल्या तिथे बहिष्कार स्थगित केला आणि तसं निवेदन लिहून फ्रिजवर लावलं.

"पण मधले भाग पाहायला हवेत," मी म्हणाले. "त्याशिवाय शेवटचा पाहणं म्हणजे मागण्या न वाचता संपावर जाणं."

यावर ओंकारने बाबांकडे पाहिलं, बाबांनी आत्याकडे, आत्याने मेथीकडे.

आमच्या घरात लोकशाही आहे, म्हणून मी सभा बोलावली. सोमवार ते शनिवार, रोज दोन चित्रपट, एक जेवणानंतर आणि एक संध्याकाळी. घरून काम करणाऱ्या ओंकारने टीव्हीची जबाबदारी घेतली. सगळं सुरळीत चाललं होतं, एवढ्यात अण्णाकाका जिना चढून वर आले.

"कोणत्या क्रमाने पाहणार?"

"एकामागून एक, काका. अजून कसं?"

"छे! असं सरळ वाचलेलं उद्या विसरतं. आमच्या पाठाची पद्धत घे. जटा." काकांनी पाटावर बसकण मारली. "आधी पहिलं, मग दुसरं. मग दुसरं, पहिलं. मग पुन्हा पहिलं, दुसरं. हे झालं की दुसरं आणि तिसरं, तसंच उलटसुलट. शतकानुशतकं एक अक्षर हललेलं नाही, बाळ, ते याच्या जोरावर."

"काका, तो वेद आहे. हा सिनेमा आहे!"

"म्हणूनच. सिनेमा जास्त विसरतो."

मी हसले. मतदान घेतलं. जटेच्या बाजूने चार, विरुद्ध एक! बाबांसारखा विवेकी माणूस जटेच्या बाजूने! ओंकार, ज्याला मौंजीतली गायत्री धड आठवत नाही, तो जटेच्या बाजूने! आत्याने तर दोन हात वर केले. पण बहुमत ते बहुमत. मी ते मानलं. (तत्त्वनिष्ठ माणसाला फसवणं फार सोपं असतं. मतदान घ्यायचं, बस.)

चौथा मी अर्धवट सोडला होता, म्हणून आधाराला तिसऱ्यापासून सुरुवात करायची असंही काकांनी ठरवलं. तेव्हा सोमवारी तिसरा आणि चौथा. मंगळवारी चौथा आणि तिसरा. बुधवारी पुन्हा तिसरा, चौथा. कप्तानाने तीन दिवसांत तीनदा मिस्त्र्यांना कोंडलं. पहिल्यांदा मी घोषणा दिल्या, दुसऱ्यांदा नुसती मूठ आवळली, तिसऱ्यांदा मी शेंगा सोलत होते.

गुरुवारी चौथ्यानंतर पाचवा लागला. माझ्यासाठी कोरा करकरीत! त्याच वेळी मला घरात काही बारीक बारीक गोष्टी दिसू लागल्या. स्फोट होण्याच्या जरा आधीच बाबांनी कानांवर हात ठेवले. मी म्हटलं, वय झालं. आत्या पुटपुटली, "आता दार उघडेल," आणि दार उघडलं.

"आत्या, तुला कसं कळलं?"

"दार आहे म्हणजे उघडणारच की गं. भिंत असती तर गोष्ट वेगळी."

गणिताची बाई. मला पटलं. पण मग डब्बू यंत्रमानव काहीतरी बोलला आणि अण्णाकाकांनी मान हलवली. "इथे आवाज खाली हवा. मागच्या वेळी बरोबर म्हणाला होता." आणि शीर्षकाची धून लागली की काकांचा उजवा हात आपोआप स्वर दाखवत वरखाली होऊ लागे, एकही स्वर न चुकता.

"काका, मागच्या वेळी म्हणजे?"

"मागच्या जन्मी," काका म्हणाले आणि नाकाला तपकीर लावली.

शुक्रवारी पाचवा, चौथा. शनिवारी चौथा, पाचवा. शनिवारी संध्याकाळी मी उठून उभी राहिले.

"आता पुरे! थेट सहावा लाव, ओंकार. निदान एक तरी."

"ताई, नेट गया. माकडांनी वायर खींच ली."

"मग फोनवर लाव!"

"जटा मध्ये तोडली तर दोष लागतो, बाळ," काका.

"आणि भूक लागलीये," बाबा.

"आणि मला बॅग भरायचीये," आत्या. "तू नि मी दोघी सारख्याच ना कोऱ्या? मग झालं! मी विचारीन तुला, तू विचार मला."

त्या 'दोघी सारख्याच' वर मी विरघळले. इतका समान त्याग! म्हटलं, दोन निरक्षर मिळून शेवटचं पान वाचू.

रविवारी आम्ही पाचही जण निघालो. 'तू नि मी' एवढंच ठरलं होतं, पण बाकीचे तिघं आधीच चपला घालून उंबऱ्यात उभे होते. गल्लीगल्लीतून मैदागिनच्या चौकापर्यंत चालत, तिथून एका टोटोत, म्हणजे बॅटरीच्या रिक्षात, पाच जण. अण्णाकाका पुढे ड्रायव्हरशेजारी, मांडीवर चिवड्याचा डबा. थिएटरमध्ये काका सरळ जाऊन बरोबर आमच्या रांगेपाशी थांबले. थिएटर कधी न पाहिलेल्या माणसाला ती अंधारात सापडली कशी, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. इतकी मी निरागस होते!

दिवे गेले. आत्याने माझा हात धरला.

पडद्यावर ध्रुवयान आलं. कप्तान आला, केस पिकलेले. आणि त्याच्या शेजारी, त्याच टेबलाशी, बरोबरीच्या खुर्चीत बसून यान कुठे न्यायचं ते ठरवत होते इंजिनघरातले मिस्त्री!

मी ताडकन उभी राहिले. "हे मिस्त्री इथे कसे बसले? यांना तर कोंडलं होतं!"

"ऋते, खाली बस," आत्या कुजबुजली. तिने माझा हात खाली ओढला.

"नाही, पण कसे बसले?"

मागच्या रांगेतून एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, "अरे बहिनजी, छठवें में कप्तान माफी माँगे थे ना! हाथ जोड़ के, सबके सामने। आप कहाँ थीं?"

मी कुठे होते? मी बाहेर होते! फाटकाशी! उन्हात, पत्रकं वाटत, की कप्तानाने माफी मागावी! आणि आत, भिंतीच्या पलीकडे, तो हात जोडून माफीच मागत होता!

मी खाली बसले. मग हळूहळू, पाचव्या भागातल्या दारासारखं, माझ्या डोक्यातलं दार उघडलं. कानांवरचे हात. मागच्या जन्मीचा डब्बू. चार विरुद्ध एक. जटा!

मध्यंतरात मी चौघांना ओळीने पाहिलं. बाबा छताकडे पाहू लागले. ओंकारला फोन आला, जो वाजला नव्हता.

"सगळ्यांनी सगळे पाहिलेत?"

"सहावा दोनदा," अण्णाकाका म्हणाले. "सुमा म्हणाली, सही केलीस तर निदान कशावर केलीस ते तरी बघ. मग सवय लागली."

"आणि ती जटा?"

"सुमाचीच कल्पना. तिसऱ्यापासून जटा धरली की शनिवारपर्यंत पोर पाचव्याच्या पुढे जात नाही. गणित चोख आहे तिचं."

मी आत्याकडे वळले. "माझी मागणी मान्य झाली होती! आणि मला कोणी सांगितलं नाही?"

आत्या चिवड्याच्या डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावत राहिली. "सांगणार होते गं. त्याच दिवशी. पण तू घरी आलीस, उन्हाने लालेलाल, आणि म्हणालीस, आज एका बाईने माझी दोन पत्रकं घेतली. त्या वर्षी कॉलेजात तुझ्याशी कोणी बोलत नव्हतं, आठवतंय? कित्येक दिवसांनी तू हसलीस. ते कसं काढून घेऊ? मग एक वर्ष गेलं, दोन गेली. नंतर सांगायला तोंड राहिलं नाही. आणि आता जाता जाता वाटलं, रविवार निघून जाऊ दे, भांडून नको जायला."

"थांब. ती बाई..."

आत्याने पदर हनुवटीपर्यंत ओढला.

माझी अनामिक स्त्री! जिला सगळं समजलं होतं! (समजलं होतंच. तिकीट होतं तिच्याकडे.)

"आणि दोन का घेतलीस?" मी विचारलं.

"आत एसी बंद होता. एकाने वारा घेतला."

"आणि दुसरं?"

"दुसरं शेजारच्या खुर्चीवर ठेवलं. म्हटलं, तुझी जागा."

मी निषेध नोंदवायचा विसरले. माझ्या आयुष्यात हे क्वचित घडतं, बाबांनी काळजीने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. दिवे गेले, तेव्हा आत्याच्या आधी मीच तिचा हात धरला. उरलेला अर्धा भाग मला कळावा म्हणून ती कानात सांगत राहिली, काका तिच्या चुका दुरुस्त करत राहिले आणि मागचे गृहस्थ दोघांच्याही.

सोमवारी आत्या गेली. गाडी सुटताना तिने पर्स उघडून दाखवली. आत घडी पडलेलं, पिवळं झालेलं माझं पत्रक होतं. खुर्चीवरचं.

मी नवं पत्रक काढलं आहे: 'बहिष्कार मागे. आम्ही जिंकलो होतो.' कोणी घेत नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. आज घरी जेवायला बसाल तेव्हा, एरवी कितीही ताठ असाल तरी, समोरच्या माणसाला विचारा: माझी कोणती मागणी तुम्ही केव्हाच मान्य केली आहे आणि मला सांगायची राहून गेली आहे? लाजू नका, मी विचारलं तेव्हा आणखी दोन निघाल्या.

आणि तुमच्यापैकी कोणी मला सहावा भाग एकदाच, सरळ, पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवायला तयार असेल तर जरूर कळवा. घरी सोय नाही, अण्णाकाका पाचवा-सहावा, सहावा-पाचवा करून बसले आहेत. एसी बंद असला तरी चालेल. वाऱ्यापुरती पत्रकं माझ्याकडे भरपूर शिल्लक आहेत.