प्रेरी-द-सूर्सचा झरा दाखवणारा माणूस

अन्याय झाला तो प्रेरी-द-सूर्स या गावावर, आणि झाला या एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी संध्याकाळी, खाणीच्या परवानगीवरच्या भर सुनावणीत. काउंटीच्या साहेबाने नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "इथे झरा कधी नव्हताच." झऱ्याच्या आसपास सुरुंग लावता येत नाही, हा काउंटीचाच नियम. झरा नाही म्हटलं की खाणवाले गावामागचा कडा फोडायला मोकळे! आणि गावाच्या नावाचा अर्थच मुळी 'झऱ्यांचं माळरान'. खोटारडे.

भुताखेतांच्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. या फोरमवर मी त्यावरून किती जणांशी भांडले आहे ते तुम्हाला माहीत आहे. तरी लिहितेय, कारण... लिहायलाच हवं.

आधी गाव समजून घ्या. आपल्या शॉमबर्गहून दक्षिणेला, गाडीने जवळजवळ पाच तास. एकीकडे मिसिसिपी, दुसरीकडे चुनखडीचा पांढरा कडा, मधे लोण्यासारखी काळी माती. अमेरिका नावाचा देश व्हायच्या आधी इथे फ्रेंच शेतकरी आले. इतरांनी ओंडके आडवे रचून घरं बांधली, यांनी उभे रोवून — भोवती ऐसपैस पडवी. आणि शेतं? नदीपासून कड्यापर्यंत लांबच लांब अरुंद पट्टे. प्रत्येक घराला थोडी नदी, थोडी माती, थोडं जंगल. याला म्हणतात वाटप!

सुनावणीनंतरच्या शनिवारी सकाळी आम्ही तिघी झरा शोधायला निघालो. मी, माझी नागपूरची शुभा काकू, आणि गावातल्या मार्गो आजी — जुनं फ्रेंच येणाऱ्या तिथल्या शेवटच्या. "चर्चच्या दारातून सरळ कड्याकडे चालायचं," असं त्यांची आजी सांगायची. चाललो. काटेरी झुडपं, दगड, बास.

"तुझं आंदोलन म्हणजे नुसती पायपीट," काकू म्हणाली. "खायचं कधी?" तिने बांधावरच कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्यांचा डबा उघडला.

तेवढ्यात शेतातून एक माणूस आला. गवती हॅट, गुडघ्यापर्यंत चिखल, चेहराभर हसू. काकूने सवयीप्रमाणे — आणि चक्क मराठीत — विचारलं, "गाव कोणतं तुमचं? घ्या, वडी घ्या." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने वडी खाल्ली, मान डोलवून दुसरी उचलली. म्हणाला, "तुम्ही चुकीच्या चर्चपासून निघालात. हे तर पुरानंतर वर हलवलेलं. जुनं त्या पिकनच्या झाडापाशी होतं. तिथून आमच्या पट्ट्याने चला."

तो पुढे, आम्ही मागे. कड्यापाशी त्याने वेली बाजूला केल्या आणि... पाणी! खळखळतं, बर्फासारखं गार. मार्गो आजी त्यात बुटांसकट उतरल्या. काकूने माझ्या अंगावर ओंजळ उडवली. आम्ही शाळेतल्या पोरींसारख्या किंचाळत होतो. थँक यू म्हणायला वळले — कोणी नाही. नदीपर्यंत नांगरलेलं उघडं रान, लपायला झुडूपही नाही.

"किती वर्षांनी आमच्याकडची बोली ऐकली," काकू म्हणाली. "'चुकीच्या देवळापासून निघून रायले तुमी!' काय गोड माणूस."

"काकू, तो इंग्लिश बोलत होता."

"येडी का गं? इंग्लिशमध्ये कोणी 'रायले' म्हणतं?"

कशावरून भांडताय, म्हणून मार्गो आजींनी विचारलं. मी सांगितलं. "इंग्लिश? अगं पोरी, तो फ्रेंच बोलला. माझ्या आजीसारखंच, अर्धे शब्द गिळत."

मग तिघींनाही हसू आवरेना. भीती? अजिबात नाही. घरी आल्यावर मी सगळी उत्तरं तपासली — ऊन, थकवा, मनाचे खेळ. एकही बसत नाही. पाणी मात्र खरं आहे.

ते बघायला साहेबही आला, त्याचे बूट भिजले, तरी म्हणतो, "पावसाचं साचलेलं असेल." निर्णय पुढच्या सुनावणीत.

ती जूनच्या पहिल्या मंगळवारी संध्याकाळी, गावच्या शाळेत. तुम्ही या. 'वीकेंड नाही ना, यार' ऐकणार नाही, सुट्टी टाका. दुपारीच पोहोचा, कड्यापाशी जाऊन ओंजळभर पाणी प्या आणि मग माइकवर त्या साहेबाच्या तोंडावर सांगा, की झरा आहे, मी त्याचं पाणी पिऊन आलोय.